पाऱ्यावर मोजलेला फुटबॉल

नत्थूजी मेश्राम खुर्चीवर बसले आणि त्यांच्याखाली ‘कट्ट’ असा आवाज झाला.

माणसाला सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मांडवातल्या पहिल्या रांगेत जागा मिळावी आणि नेमकं तेव्हाच खालून काहीतरी मोडावं, यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. हुडकेश्वरच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. एकीकडे हुडकेश्वर, दुसरीकडे सावनेर. नत्थूजींची नात पायल हुडकेश्वरची गोलकीपर होती, म्हणून आयोजकांनी तिच्या आबाजींना कापड टाकलेली खुर्ची दिली होती. ते उठले. कापडाखाली हात घातला, तर मनगटी घड्याळाएवढं एक यंत्र निघालं. काच फुटलेली, काटा वाकलेला.

“हे कोणाचं घड्याळ गा?” त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

“घड्याळ नाही, गेज आहे. माझा आहे,” समोर उभी असलेली रेफरी चारुशीला म्हणाली. “बॉलमधली हवा मोजायचा. हरवू नये म्हणून खुर्चीवर कापडाखाली ठेवला होता.”

चारुशीलानं रेफरीची परीक्षा मागच्याच वर्षी पास केली होती आणि हा तिचा पहिला अंतिम सामना होता. अशा माणसापुढे नियमाचं बोलण्यात अर्थ नसतो, कारण त्याला नियम पाठ असतात. तिनं खिशातून स्पर्धेची नियमपत्रिका काढली आणि मोठ्यानं वाचली, “बॉलमधला दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर असावा. मोजल्याशिवाय मी शिट्टी वाजवणार नाही.”

“अंगठ्यानं दाबून पाहा न,” सावनेरच्या कोच यमुताई म्हणाल्या. पन्नाशीच्या यमुताईंनी स्वतः साडीवर फुटबॉल खेळून लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे त्या कोणालाच घाबरत नसत. “आमचं आयुष्य अंगठ्यावर गेलं.”

“अंगठा नियमात नाही, ताई.”

मैदानाला लागूनच संघपालचं पंक्चरचं दुकान. त्याला बोलावलं. त्यानं आपला टायरचा गेज आणला, पण तो वीस पौंडांपासून सुरू होत होता. वीसच्या खाली त्याचा काटा हलतच नसे, कारण वीसच्या खालचं गिऱ्हाईक ढकलतच गाडी आणतं, असं संघपालचं म्हणणं.

“टेन्शन नका घेऊ मॅडम,” संघपाल म्हणाला. “मी दहा पौंड टाकून देतो. मले हातानं समजते.”

“पौंड नको. पत्रिकेत अ‍ॅटमॉस्फिअर लिहिलंय.”

पावणेचार झाले होते. मैदानावर दिवे नव्हते, जानेवारीचा दिवस सहाच्या आत मावळणार, आणि उजेडात सामना संपला नाही तर नाणेफेकीवर कप द्यायचा, असंही त्याच पत्रिकेत होतं. नत्थूजी मोडका गेज हातात धरून उभे होते आणि जमिनीनं पोटात घ्यावं म्हणून वाट पाहत होते. तेवढ्यात गोलपोस्टकडून पायल पळत आली. हातात मोजे, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असा भरवसा की नत्थूजींना तो पाहूनच धाकधूक झाली.

“मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? माझे आबाजी मोजतीन. त्याईले दाबातलं सगळं समजते. चौतीस वर्षं ते फिजिक्सच्या लॅबमधी होते.”

माइकवाल्याला तेवढंच पुरे झालं. त्यानं लगेच सगळ्या मैदानाला कळवलं की आपल्यामध्ये ज्येष्ठ शास्त्रज्ञ नत्थूजी मेश्राम उपस्थित असून बॉलचा दाब ते स्वतः मोजणार आहेत. टाळ्या पडल्या. नत्थूजी शास्त्रज्ञ नव्हते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. हे त्यांनी माइकवाल्याला सांगायला हवं होतं. पण पायल टाळ्या वाजवत होती, आणि तिच्यामागे तिच्या संघातल्या दहा पोरी आबाजींकडे बघत होत्या. नत्थूजींनी छाती पुढे केली आणि गप्प राहिले.

आता खरं सांगायचं तर त्यांचा अभिमान काही हवेतला नव्हता. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक वायुभारमापक टांगलेला असे, माणसाच्या छातीपर्यंत येणारी पाऱ्याची नळी. रोज सकाळी दहाला नत्थूजी त्याच्यासमोर उभे राहत, पाऱ्याची पातळी खालच्या खुणेला लावत, मान वाकडी करून वाचत आणि रजिस्टरात लिहीत. सात विभागप्रमुख आले नि गेले, पण नत्थूजींचा आकडा कोणी कधी खोडला नाही. सातशे साठ मिलिमीटर पारा म्हणजे एक अ‍ॅटमॉस्फिअर, हे त्यांना साठ मिनिटांचा तास होतो तितकं पक्कं ठाऊक होतं. घरी हे कोणालाच कौतुकाचं वाटलं नाही, फक्त पायलला वाटायचं. तिनं शाळेच्या निबंधातसुद्धा लिहिलं होतं की माझे आबाजी हवेचं वजन करतात.

त्यांनी बायकोला फोन लावला. प्रेमिलाबाई भिवापूरच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी घरी आणलेली एकमेव वस्तू म्हणजे पाऱ्याचं बीपीचं मशीन, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. ते मशीन घेऊन त्या ऑटोतून उतरल्या तेव्हा त्यांचा श्वास फुललेला होता.

“कोणाची तब्येत बिघडली?”

“बॉलची.”

प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे, मग बॉलकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. “माझी मशीन माणसासाठी हाये. मी तिनं आठ हजार बाया तपासल्या, एकही बाई गोल नव्हती.”

“नातीच्या इज्जतीचा सवाल हाये वं.”

मशीन मिळालं. संघपालनं दंडाच्या पट्ट्याची रबरी नळी काढून पंपाला जोडणी करून दिली, म्हणजे हवा बॉलमध्ये जाईल तसा पारा वर चढेल. मशीनवर आकडे तीनशेपर्यंत होते. नत्थूजींनी खिशातून छोटी वही काढली, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या जमावापुढे गणित मांडलं.

“पाहा. १.१ अ‍ॅटमॉस्फिअर गुणिले सातशे साठ. आठशे छत्तीस मिलिमीटर. ही वरची मर्यादा. आणि आज नागपूरच्या हवेचा दाब सातशे बत्तीस.”

“तुम्हाला कसं माहीत?” चारुशीलानं विचारलं.

“जानेवारी हाये, आभाळ साफ हाये, वारा पडला हाये. सातशे बत्तीस.” हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की तिनं लिहून घेतलं. “म्हणजे सातशे बत्तीस तर बॉलमधी आधीपासूनच हायेत, बाहेरच्या हवेचे. आठशे छत्तीसमधून सातशे बत्तीस गेले, वरून टाकायचे एकशे चार. एकही जास्त नाही.”

“आणि ०.६ ची खालची मर्यादा?”

“ते झाले चारशे छप्पन्न. ते लडाखवाल्याईसाठी,” नत्थूजी म्हणाले. “तिकडे हवाच कमी असते.”

मांडवातल्या माना एकदम डोलल्या. लडाखची हवा कमी असते हे सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. फक्त संघपाल डोकं खाजवत होता.

“काका, एकशे चार म्हणजे पौंडात किती होते?”

“दोन.”

“दोन पौंडावर तर लेकराची सायकल नाही चालत जी.”

“हे सायन्स हाये गा संघपाल, पंक्चर नाही.”

लोक हसले. संघपालही हसला, कारण तो चांगला माणूस होता. नत्थूजींनी रिकामा, नुसता गोल झालेला बॉल पुढ्यात घेतला आणि संघपालनं पंप मारला. प्रत्येक झटक्याला नत्थूजी वाकून पारा वाचत आणि सवयीनं वहीत आकडा टिपत. सव्वीस, बावन्न, अठ्ठ्याहत्तर, एकशे चार. चार झटक्यांत काम झालं. चारुशीलानं सही केली, सव्वाचारला शिट्टी वाजवली, आणि पायलनं गोलमधून आबाजींना अंगठा दाखवला.

त्यानंतर मैदानावर जे झालं त्याला फुटबॉल म्हणणं जरा जड जातं. बॉलला लाथ मारली की तो ‘भद्द’ करून चार हात जायचा आणि दमल्यासारखा थांबायचा. सावनेरच्या पोरी लांब पासवर खेळणाऱ्या. त्यांचा प्रत्येक पास अर्ध्या वाटेत बसून जाई आणि हुडकेश्वरची कोणीतरी येऊन तो उचलल्यासारखा घेऊन जाई. डोक्यावर बॉल घेतला तर तो टप्पा खाऊन पुढे जाण्याऐवजी डोक्यालाच चिकटल्यासारखा वाटे.

“हा फुटबॉल हाये का भरताचं वांगं?” यमुताई रेषेवरून ओरडल्या.

“मोजून दिलाय, ताई,” चारुशीला पळता पळता म्हणाली. “एकशे चार मिलिमीटर. सही आहे.”

विसाव्या मिनिटाला हुडकेश्वरच्या कामिनीनं लांबून अंदाजे लाथ मारली. सावनेरची गोलकीपर बॉलच्या उडीचा हिशेब करून हवेत झेपावली. बॉल उडालाच नाही. तो तिच्या पायाखालून हळूहळू, कोणाला राग येऊ नये असा, गोलमध्ये गेला. एक शून्य. ढोल वाजले, माइकवाल्यानं शास्त्रज्ञांचं पुन्हा एकदा अभिनंदन केलं आणि नत्थूजींनी कापड नीट करून ऐटीत पाय पसरले.

हाफटाइमला संघपाल चहा घेऊन त्यांच्याजवळ आला.

“काका, एक विचारू? राग नका मानू. माझ्याकडे फाटका टायर आला, त्यात हवाच नाही. माझा गेज शून्य दाखवते. तुमचा पारा किती दाखवन?”

“शून्य कसा? टायर फाटला म्हणून बाहेरची हवा थोडी जाते? आतमधी सातशे बत्तीस हायेच.”

“म्हणजे तुमी पार रिकाम्यापासून मोजता, आन मी बाहेरच्या हवेपासून मोजतो.”

“तसंच.”

“मंग ज्यानं हा नियम लिहिला, तो तुमच्यातला होता का आमच्यातला?”

नत्थूजींनी चहाचा कप खाली ठेवला. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, कारण प्रयोगशाळेत पंक्चरवाला कधी आलाच नव्हता. त्यांनी चारुशीलाकडून नियमपत्रिका मागून घेतली. आतापर्यंत त्यांनी तो नियम फक्त कानानं ऐकला होता. आता चष्मा लावून डोळ्यांनी वाचला. ‘०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर असावा.’ आणि त्याच्याच पुढे, खालच्या ओळीत, दोन शब्द होते: ‘समुद्रसपाटीवरील मोजमाप.’

म्हणजे लडाख नव्हतंच. समुद्राकाठी बाहेरचा दाब पूर्ण एक. तिथं ०.६ जर रिकाम्यापासून मोजलेला असेल, तर बॉलच्या आत बाहेरपेक्षा कमी हवा, म्हणजे बॉल चेपून त्याची टोपी होणार. टोपीनं खेळायचा नियम कोणी शहाणा माणूस लिहिणार नाही. नियम लिहिणारा संघपालच्या पंगतीतला होता. ते आकडे बाहेरच्या हवेच्या वरचे होते. कमीत कमी चारशे छप्पन्न मिलिमीटर टाकायला हवे होते आणि नत्थूजींनी टाकले होते एकशे चार. पाव हिस्सासुद्धा नाही.

हे कोणालाही कळलेलं नव्हतं. संघपाल प्रश्न विचारून चहाचे कप गोळा करायला लागला होता. यमुताई वांग्यापर्यंतच पोचल्या होत्या. गप्प बसलं असतं तर हुडकेश्वरचा कप पक्का होता.

तेवढ्यात पायल आली. “आबाजी, सगळ्या पोरी म्हणून राहिल्या, पायलचे आबाजी लय भारी हायेत. सावनेरवाल्या पण विचारून राहिल्या तुमच्याबद्दल.” ती पाणी प्यायली आणि पळत परत गेली.

नत्थूजींना फार वाईट वाटलं. आकडा चुकल्याचं दुःख होतंच, पण या पोरीनं चारचौघांत आपल्या नावावर शब्द दिला होता आणि तो आता पडणार होता, हे त्याहून मोठं होतं. ते वही घेऊन माइकजवळ गेले. प्रेमिलाबाईंना नवऱ्याची चाल बघूनच समजलं की काहीतरी भलतंच होतंय, आणि त्या मशीन छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“मी नत्थूजी मेश्राम,” ते माइकवर म्हणाले. “शास्त्रज्ञ नाही, लॅबचा परिचर होतो. बॉलमधी हवा कमी हाये. मोजली बराबर, पण मोजायची सुरुवात चुकली. गलती माझी हाये. बॉल नियमात नव्हता.”

सगळ्यांत आधी यमुताई म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं वांगं हाये म्हणून,” आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले.

चारुशीलानं पत्रिका उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “बॉल नियमात नव्हता, तर हाफ झालाच नाही,” तिनं जाहीर केलं. “गोल रद्द. उजेड एका हाफचाच उरलाय. एकच हाफ होईल, शून्य-शून्यपासून. पण बॉल मोजून हवा.”

आणि इथं नवी पंचाईत. टाकायचे होते चारशे छप्पन्नच्या वर, आणि मशीन तीनशेला संपत होतं. तीनशेच्या वर गेलं तर पारा नळीतून उसळून प्रेमिलाबाईंच्या मशीनचा कारभारच आटोपणार.

“माझ्या मशीनीले कोणी हात लावला तर पाहा,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“लावायचा नाही,” नत्थूजी म्हणाले. त्यांनी वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं. “एका झटक्याले सव्वीस मिलिमीटर. चारही वेळा सव्वीसच, इथं लिहिलं हाये. वीस झटके, पाचशे वीस. भागिले सातशे साठ. ०.६८ अ‍ॅटमॉस्फिअर. ०.६ च्या वर, १.१ च्या खाली.”

चारुशीलानं मोबाइलवर भागाकार केला आणि मान हलवली. बॉल आधी पहिल्यासारखा रिकामा, नुसता गोल राहील एवढा केला. संघपालनं वीस झटके मारले, सगळ्या मैदानानं मोठ्यानं मोजले. मग संघपालनं बॉलवर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि म्हणाला, “दहा पौंड. एकदम बराबर.”

नत्थूजींनी वहीच्या कोपऱ्यात पाचशे विसाचे पौंड काढून पाहिले. दहाच आले. त्यांनी संघपालच्या अंगठ्याकडे, एरवी फक्त वायुभारमापकाकडे बघत तसं, आदरानं बघितलं.

दुसरा, म्हणजे आता एकमेव, हाफ सुरू झाला. बॉल टणाटण उडत होता, सावनेरचे पास लांब लांब जात होते आणि पायल दोन्ही बाजूंना झेपा घेत होती. तिनं पाच गोल अडवले. नत्थूजी पहिल्या रांगेत गेलेच नाहीत. ते संघपालच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरमागे उभे राहून बघत होते. शेवटची तीन मिनिटं उरली असताना सावनेरच्या पोरीनं सणसणीत लाथ मारली. पायलनं हात लावला, पण बॉल तिच्या मोज्यांवरून उसळून आत गेला. पहिल्या हाफचा बॉल असता तर मोज्यांतच बसला असता.

कप यमुताईंनी नेला. बक्षीस समारंभ उरकला, खुर्च्या एकावर एक चढल्या, आणि नत्थूजी अजून कॉम्प्रेसरमागेच होते. प्रेमिलाबाई शेजारी टायरवर बसल्या होत्या.

“घरी नाही जायचं काय?” त्यांनी विचारलं.

“तिले कोणत्या तोंडानं भेटू?”

तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं पायल आली. तिच्याभोवती सावनेरच्या पाच-सहा पोरी होत्या, गाडीची वाट बघत उभ्या. त्यातली एक हसत म्हणाली, “तुमचा गोल तर तुह्या आबाजीनंच घालवला वं.”

नत्थूजींनी मान खाली घातली.

“घालवला न,” पायल म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. “तुमच्या मॅडमले कळलं होतं का बॉलमधी किती हवा हाये ते? रेफरीले कळलं होतं? पूर्ण हाफ खेळल्या तुमी त्या बॉलनं, तुमाले कळलं? एवढ्या मैदानात एकाच माणसाले कळलं. आन ते माझे आबाजी हायेत.”

संघपालनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. प्रेमिलाबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला आणि त्यानं ते मिटलं.

“खोटं,” सावनेरची पोरगी म्हणाली. “कोणीतरी सांगितलं असन त्याईले.”

पायलनं इकडेतिकडे पाहिलं, कॉम्प्रेसरमागे आबाजींची पांढरी टोपी तिला दिसली, आणि ती त्यांना हाताला धरून ओढतच बाहेर घेऊन आली.

“आबाजी, ह्या मानून नाही राहिल्या. तुमीच सांगा. चूक कोणाले सापडली?”

नत्थूजींनी आधी संघपालकडे पाहिलं. संघपालनं हात जोडून, हसून मान डोलावली, की सांगा काका, खुशाल सांगा. नत्थूजींनी टोपी सारखी केली. घसा खाकरला. सातही विभागप्रमुखांसमोर त्यांची मान जेवढी ताठ कधी झाली नव्हती तेवढी ती आता झाली.

“निम्मी ह्या संघपालच्या टायरले,” ते म्हणाले, “आन निम्मी पायलच्या आबाजीले.”